फायबरची होडी, ऑनलाइन रिपेअर किट आणि भोसरीचं सुटं सामान: माझा अनुभव

घाईत असणाऱ्यांसाठी आधीच सांगतो. ऑनलाइन मिळणारं ते छोटं फायबर रिपेअर किट होडीसाठी घेऊ नका. स्कूटरचं मडगार्ड तडकलंय, गच्चीवरच्या फायबरच्या टाकीला बारीक चीर गेलीय, अशा कामाला चालेल कदाचित, पण ज्यात माणूस बसून समुद्रात जाणार आहे त्याला ते लावू नका. सुटं रेझिन (फायबरचा चिकट द्रव), सुटी मॅट (काचेच्या धाग्यांची चादर), सुटं हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) घ्या, दुकानात जाऊन माणसाशी बोलून घ्या. किटला माझ्याकडून ५ पैकी १ आणि भोसरीच्या दुकानाला साडेचार. का ते खाली लिहितोय, लांबेल, पण मी शोधत होतो तेव्हा मला मराठीत नीट काही सापडलं नाही म्हणून सगळंच लिहून टाकतो.

होडी माझ्या मामाची. आजोळ भरडखोल, श्रीवर्धनजवळ. १३ फुटी फायबरची होडी, मामाने वीसेक वर्षांपूर्वी घेतलेली, लहानपणी नाही पण कॉलेजात असताना प्रत्येक सुट्टीत मी तिच्यात बसलोय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तिकडच्या वाड्यांची काय अवस्था झाली ते सगळ्यांना माहितीच आहे, माड-पोफळी रांगेने झोपल्या, त्यातला एक माड या होडीवर आला. काठ चेपला, तळाला एक वीतभर लांब आणि चार बोटं रुंद भोक पडलं. मामाचं वय झालेलं, त्याने होडी तशीच वाडीत उपडी करून ठेवली आणि नंतर दुसऱ्याच्या होडीवर जायला लागला. पुढची चार-पाच वर्षं ती तिथेच, पावसात. दर वेळी गेलो की मला ती दिसायची आणि जीव तुटायचा.

यंदा फेब्रुवारीत मामाला म्हटलं, मी पुण्याला नेतो आणि नीट करतो. तो म्हणाला, "अरे इथं करणारी पोरं आहेत की, पुण्यात समुद्र आहे का?" पण गावातल्या कारागिरांकडे मोठ्या बोटींची कामं लागलेली, त्यात या छोट्या होडीला कोण वेळ देणार. माल उतरवून रिकामा परत येणारा एक आयशर मिळाला, त्यात होडी बसली, माणगाववरून ताम्हिणी चढून मुळशी-पौडमार्गे धायरीला आमच्या घरापुढच्या अंगणात आणून उतरवली. जुने टायर टाकून त्यावर उपडी ठेवली. आता एक गोष्ट नंतर कळली ती आधी सांगतो, होडी पुण्यात आणणं हे खरं तर चांगलंच झालं. फायबरच्या कामाला सगळ्यात मोठा शत्रू ओल, आणि पुण्याची मार्च-एप्रिलमधली दुपारची हवा अशी कोरडी ठणठणीत असते की किनाऱ्यावर जे वाळायला महिने लागतील ते इथं काही आठवड्यांत वाळतं.

आता किट. १,६५० रुपये. डबा उघडला तर आत अर्धा किलो रेझिन, हार्डनरची करंगळीएवढी ट्यूब, विणलेल्या काचेच्या कापडाचा हातरुमालाएवढा तुकडा, दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि हातमोज्यांची एक जोडी. कागदावर चार चित्रं. साफ करा, मिक्स करा, लावा, वाळू द्या. संपलं. किती हार्डनर घालायचं तर "संपूर्ण ट्यूब", मग हवा थंड असो की कडक ऊन असो. डब्यावर बनवल्याची तारीख कुठेच नाही. हे मला तेव्हा खटकलं नाही, आता कळतं की सगळ्यात आधी तेच बघायला पाहिजे होतं, कारण पॉलिस्टर रेझिन साधारण तीन ते सहा महिनेच चांगलं राहतं तेही थंड जागी ठेवलं तर, आणि उन्हाळ्यात गोडाऊनमध्ये पडून राहिलं की डब्यातच घट्ट व्हायला लागतं. माझं रेझिन काकवीसारखं झालं होतं. मला वाटलं असंच असतं.

भोकाच्या कडा पॉलिश पेपरने घासल्या, कापड लावलं, रेझिन लावलं. दुसऱ्या दिवशी चिकट. तिसऱ्या दिवशीही चिकट. चौथ्या दिवशी नखाने कोपरा उचलला तर अख्खा पॅच पापडासारखा निघून हातात आला, खाली होडीचा पृष्ठभाग जसाच्या तसा, त्याला काही चिकटलेलंच नव्हतं. मी तो पॅच हातात धरून बराच वेळ बसलो होतो, डोळ्यापुढे एकच यायचं, हे किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर सुटलं असतं तर. विकणाऱ्याला लिहिलं, फोटो पाठवले, उत्तर आलं की वापरलेला माल परत घेत नाही. असो.

आमच्या कंपनीतल्या मेंटेनन्सच्या एका मित्राने सांगितलं की भोसरीला एमआयडीसीत फायबरचं सगळं सामान सुटं मिळतं. गेलो. छोटं दुकान, बाहेर रेझिनचे निळे ड्रम, आत भिंतीला मॅटचे मोठे रोल उभे. गिऱ्हाईक कोण तर गणपतीचे देखावे करणारे, गाड्यांचे बंपर बनवणारे, केमिकल टँकना आतून लायनिंग करणारे. होडीसाठी आलेला मीच असावा. गल्ल्यावरच्या काकांना मी तो निघालेला पॅच दाखवला. त्यांनी तो वाकवून बघितला, वास घेतला आणि पहिला प्रश्न विचारला तो रेझिनचा नाहीच, "होडी रोज ओढून वर घेतात की पाण्यात नांगरून ठेवतात?" मी म्हटलं रोज वर ओढतात, पण सीझनमध्ये कधी कधी आठवडा-आठवडा पाण्यात असते. मग दुसरा प्रश्न, "जाडी किती आहे तळाची?" मला माहिती नव्हतं. म्हणाले, "मग आज काही घेऊ नका. घरी जाऊन भोकाची कड मोजून या."

या एका गोष्टीसाठी मी दुकानाला साडेचार देतोय. विकायचं सोडून माणसाने परत पाठवलं.

मोजलं, साडेपाच मिलिमीटर. परत गेलो. त्यांनी खडूने ड्रमवर चित्र काढून समजावलं ते इथं शब्दांत सांगतो कारण किटच्या कागदावर नेमकं हेच नव्हतं. भोकाची कड सरळ उभी ठेवून त्यावर पॅच मारायचा नाही. कडेला उतार द्यायचा, घासून घासून, जाडीच्या बारापट. म्हणजे साडेपाच मिलिमीटर जाडी असेल तर भोकाच्या चारी बाजूंनी साडेसहा-सात सेंटिमीटरचा उतार. माझं वीतभर भोक घासल्यावर मोठ्या परातीएवढं झालं, बायको बाहेर येऊन बघून म्हणाली की तू नीट करतोयस की आणखी फोडतोयस. पण कारण साधं आहे. जुनं फायबर कधीच कडक होऊन बसलेलं असतं, नवीन रेझिन त्याच्याशी आतून एकजीव होत नाही, ते फक्त खरखरीत पृष्ठभागाला पकडून बसतं, मग पकडायला जेवढी जास्त जागा आणि जेवढा खरबरीतपणा तेवढी ताकद. आणि दुसरं, ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर रेझिनसकट साधारण एक मिलिमीटर होतो. साडेपाच मिलिमीटर भरायला पाच-सहा थर पाहिजेत. किटमधल्या कापडाचा एक थर म्हणजे जखमेला चिकटपट्टी लावल्यासारखं.

घासण्याआधीचं एक काम लोक विसरतात. आधी होडी गोड्या पाण्याने भरपूर धुवायची म्हणजे मीठ जाईल, मग वाळवून ॲसिटोनने पुसायची, स्वच्छ फडकं, एकाच दिशेने, फडकं बदलत बदलत. मगच घासायचं. उलट केलं, म्हणजे आधी घासलं तर जुनं वॅक्स, तेल, मासळीचा तेलकटपणा जे काही असेल ते सगळं काचेच्या रेषांमध्ये आत रगडलं जातं आणि मग काही केल्या निघत नाही.

घासायला चार इंची ग्राइंडर आणि ३६ नंबरची डिस्क. आणि मास्क. इथं थांबून सांगतो कारण हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, कापडी मास्क नाही, रुमाल तर अजिबात नाही. मी थ्रीएमचा हाफ फेस मास्क घेतला, त्याला ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज आणि वरून धुळीचा फिल्टर. त्यावेळी महाग वाटला, आज सगळ्या खरेदीत एकच वस्तू पुन्हा घ्यायची म्हटली तर हीच घेईन. तोंडाला घट्ट बसतो, दाढी मात्र काढावी लागते नाहीतर कडेने हवा शिरते. मास्क घातल्यावर रेझिनचा वास यायला लागला तर कार्ट्रिज संपली असं समजायचं आणि वापरात नसताना झिपच्या पिशवीत हवाबंद ठेवायची, उघडी ठेवली तर कपाटातही झिजत राहते. धुळीचं काय सांगू, काचेची धूळ बाही आणि मोज्याच्या मधल्या दोन इंचात शिरते आणि रात्रभर खाज. मनगटाला चिकटपट्टी गुंडाळायची, काम झालं की आधी थंड पाण्याने अंघोळ, अंग रगडायचं नाही, कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकायचे नाहीत. पहिल्या रविवारी मी टाकले. मुलीला शाळेच्या युनिफॉर्मने खाज सुटली, तिला दोन दिवस त्रास झाला, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

भोकाचं काम तरी समोर दिसत होतं. मागच्या फळीचं दिसत नव्हतं. मागची फळी म्हणजे जिला मशीन, म्हणजे इंजिन, लावतात ती. फायबरच्या होडीत ती फक्त फायबरची नसते, आत प्लायवूड असतं, दोन्ही बाजूंनी फायबर. मामाने फोनवर सांगितलं होतं, "नाणं घेऊन वाजव." रुपयाचं नाणं घेऊन इंच इंच वाजवत गेलो. वर टण टण, कोरडा आवाज. मशीनच्या बोल्टच्या भोकांपाशी आलो आणि आवाज बदलला, ठप ठप, ओल्या लाकडावर मारल्यासारखा. आतल्या बाजूचं फायबर ग्राइंडरने कापून काढलं तर आत काळं पाणी आणि प्लाय असा झालेला की बोटाने उकरता येत होता, भिजवलेल्या टोस्टसारखा. वास कुजक्या पानांचा. बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी आत झिरपलेलं, बाहेरून काहीच दिसत नव्हतं, रंगसुद्धा शाबूत. हे न बघता मी तळाचं भोक बुजवून होडी दिली असती तर मशीनसकट फळी कधी सुटली असती देव जाणे.

सगळा प्लाय पटाशीने काढला, दोन रविवार गेले. मग वाळवायला ठेवली. वाळली की नाही हे कसं कळणार तर त्यालाही सोपी रीत आहे, प्लॅस्टिकचा एक चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून उन्हात ठेवायचा, खाली दव धरलं तर अजून ओल आहे. पहिल्या आठवड्यात धरलं, तिसऱ्या आठवड्यात नाही. नवीन प्लाय आयएस ७१० छापलेला, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून, १९ मिमीचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून. हा शिक्का बघूनच घ्या, दुकानात तोंडी "मरीन आहे" म्हणून साधा वॉटरप्रूफही देतात. आणि बोल्टच्या भोकांची खरी दुरुस्ती अशी की भोक पाहिजे त्यापेक्षा मोठं पाडायचं, ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने, म्हणजे जास्त पकड असलेल्या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनने, पूर्ण भरायचं, कडक झालं की मग त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडायचं. म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही, चहूबाजूंनी इपॉक्सी. पाणी शिरलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही.

आता मुद्द्याचा प्रश्न, पॉलिस्टर की इपॉक्सी. दुकानात दोन्ही आहेत, पॉलिस्टरमध्ये परत साधं जीपी (जनरल पर्पज) आणि आयएसओ (आयसोफ्थॅलिक). जीपी स्वस्त, देखाव्याला उत्तम, पण सतत पाण्यात राहणाऱ्या वस्तूला आयएसओ बरं, पाणी कमी पितं. होड्यांच्या तळाला जे फोड येतात ते याचमुळे, पाणी हळूहळू आत शिरतं, आतल्या न जुळलेल्या रसायनांशी मिळून आंबट वासाचा द्रव तयार होतो आणि तो बाहेर ढकलायला लागतो. मामाच्या होडीलाही असे पाच-सहा फोड होते, एक फोडला तर खरंच व्हिनेगरसारखा वास आला.

इपॉक्सी पॉलिस्टरच्या तिप्पट-चौपट महाग, पण जुन्या कडक फायबरला आणि लाकडाला ते पॉलिस्टरपेक्षा फार चांगलं धरतं. काकांनी सांगितलेली वाटणी मला पटली आणि मी तशीच केली. तळाचं भोक आणि मागची फळी, म्हणजे जिथे जीव अवलंबून आहे तिथे इपॉक्सी. आतली बसायची फळी, चेपलेला काठ, किरकोळ डागडुजी आयएसओ पॉलिस्टरने. एक नियम मात्र लिहून ठेवा, जुन्या घासलेल्या पॉलिस्टरवर इपॉक्सी चालतं, इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट बसत नाही. त्यामुळे पॉलिस्टरची कामं आधी उरकायची. आणि इपॉक्सीबरोबर ती साधी तुकड्या-तुकड्यांची मॅट वापरू नका, तिच्यातले धागे ज्या बाइंडरने धरलेले असतात तो पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं, मग मॅट भिजतच नाही, पांढरी राहते. इपॉक्सीला विणलेलं किंवा शिवलेलं कापड. मी मॅट गाडीत घालायला निघालो होतो, काकांनी विचारलं कुठल्या रेझिनला, आणि परत उतरवून घेतली.

हार्डनरचाही फरक समजून घ्या, यात लोक घोळ घालतात. पॉलिस्टरचं हार्डनर हवेप्रमाणे थोडं कमी-जास्त करता येतं, साधारण एक ते दोन टक्के, थंडीत सकाळी दोनच्या जवळ, उन्हाळ्यात एकच्या जवळ. अर्धा किलो रेझिनला एक टक्का म्हणजे पाच ग्रॅम. इपॉक्सीचं तसं नाही. माझ्याकडच्या इपॉक्सीला वजनाने १०० ला १०, म्हणजे १०० ला १०. लवकर वाळावं म्हणून १५ घातलं तर वाळत नाही, मऊ राहतं. घरातला स्वयंपाकाचा डिजिटल काटा घेतला आणि तो परत स्वयंपाकघरात नेला नाही, नवीन आणून दिला.

आणि एक जिवाची गोष्ट. पॉलिस्टरला दोन द्रव लागतात, एक कोबाल्ट, जे रेझिन लवकर कडक व्हायला मदत करतं, आणि एक ते हार्डनर, एमईकेपी. ही दोन थेट एकमेकांत कधी, कधीही मिसळायची नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये घालून नीट ढवळायचं, मग हार्डनर. घरच्या कामाला कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मागा, जरासा जांभळट रंग असतो त्याला, म्हणजे ही जोखीम घरात येतच नाही. दुकानाचा अर्धा मार्क मी इथेच कापलाय. त्यांनी हार्डनर जुन्या पांढऱ्या बाटलीत भरून दिलं, वर काही लिहिलेलं नाही. आमच्याकडे लहान मूल आहे. मी घरी येऊन मार्करने चारी बाजूंनी लिहिलं आणि वरच्या कप्प्यात कुलपात ठेवलं, पण हे दुकानानेच करायला पाहिजे, पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्यांना तसं सांगितलंसुद्धा, ऐकून घेतलं.

एप्रिलच्या शेवटी एकदा वेळ वाचवायला म्हणून मी एक किलो पॉलिस्टर एकदम एका बादलीत मिसळलं. दुपारची वेळ, पारा ४० च्या आसपास. आठव्या-नवव्या मिनिटाला बादलीची कड हाताला गरम लागली, मग मध्ये शिऱ्यासारखं घट्ट व्हायला लागलं आणि बघता बघता धूर. बादली धरून अंगणाच्या मधोमध नेऊन ठेवली आणि लांब उभा राहिलो. प्लॅस्टिकची बादली वितळून वाकडी झाली. रेझिन कडक होताना स्वतःची उष्णता तयार करतं आणि जेवढा मोठा गोळा तेवढी उष्णता आत अडकते, पसरट ट्रेमध्ये तेच रेझिन शांतपणे वाळलं असतं. त्या दिवसापासून एका वेळी ३०० ग्रॅम, पसरट भांडं, आणि काम सकाळी सहा ते नऊ. ॲसिटोनची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, दोरीवर मोकळी पसरायची. शेजारच्या काकूंना वासाचा त्रास व्हायला लागला तेव्हा मी जाऊन माफी मागितली आणि पॉलिस्टरचं काम कोणत्या रविवारी आहे ते आदल्या दिवशी सांगायला लागलो, त्या खिडक्या लावून घ्यायच्या. इपॉक्सीला वास फारच कमी, सोसायटीत राहणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या.

थर लावताना ॲल्युमिनियमचा खाचांचा रोलर जरूर घ्या, साधा ब्रश पुरत नाही. पांढरं कापड रेझिनमध्ये भिजत जातं तसं काचेसारखं पारदर्शक होत जातं, जिथे पांढरा ठिपका राहिला तिथे हवा. रोलर मधून बाहेरच्या दिशेने फिरवला की बुडबुडे कडेला पळतात, हलका चर्र चर्र आवाज येतो. सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात आवडलेलं काम हेच. पहाटे सहाला, रस्त्यावर कोणी नाही, आणि डोळ्यापुढे भोक बंद होत जातंय.

इपॉक्सीवर दुसऱ्या दिवशी तेलकट मेणचट थर येतो, तो पाण्याने आणि स्क्रबरने धुऊनच पुढचं घासकाम, नाहीतर वरचा कोट धरत नाही. भर आणि गोलाई द्यायला इपॉक्सीत एरोसिल नावाची घट्टपणा आणणारी बारीक पावडर मिसळली, श्रीखंडाएवढं घट्ट. वरून जेलकोट, म्हणजे पॉलिस्टरचा रंगीत वरचा थर, न करता दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग ब्रशने दिला, कारण इपॉक्सीवर जेलकोटचा भरवसा नाही. हा रंग घरी स्प्रे करू नका, त्याचं हार्डनर फुप्फुसाला फार वाईट आणि साध्या मास्कने भागत नाही. ब्रशच्या रेषा दिसतात थोड्या. माशांना काय फरक पडतो.

सगळं मिळून सामानाला साधारण १८ हजार गेले, मास्क-रोलर-डिस्कसकट, टेम्पोचं भाडं वेगळं. चौदा रविवार. पाण्याची टेस्ट धरणात करायची सोय नाही म्हणून होडी सुलटी करून टायरवर नीट टेकवली आणि आत वीतभर पाणी भरून रात्रभर ठेवली, खाली वर्तमानपत्रं पसरली. जास्त भरू नका, पाण्याचं वजन फार होतं आणि तळाला समुद्रात असतो तसा बाहेरून आधार इथे नसतो. सकाळी कागद कोरडे.

मे संपायच्या आत होडी भरडखोलला पोचवली. १ जूनपासून मासेमारी बंद होते आणि पावसात ताम्हिणीचा भरवसा नाही. मामा वाडीच्या तोंडाशी उभा होता. त्याने रंगाकडे बघितलंच नाही. खिशातून नाणं काढलं आणि मागच्या फळीपासून वाजवायला लागला, टण टण टण, फळी झाली, तळाचा पॅच झाला, तिथे दोनदा वाजवलं, मान हलवली. मग नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे गेला आणि काठाच्या खाली एका जागी थांबला. पुन्हा वाजवलं. माझा हात धरून बोट तिथं टेकवलं आणि परत वाजवलं. टण नव्हतं. रुपयाएवढ्या जागेत पोकळ. माझ्या पॉलिस्टरच्या डागडुजीतला एक बुडबुडा राहिला होता.

"इथं बघ जरा," म्हणाला, "बाकी झक्कास."

पुढच्या शनिवारी सिरिंज आणि शंभर ग्रॅम इपॉक्सी घेऊन जातोय. वर एक, खाली एक अशी दोन बारीक भोकं पाडायची, खालच्यातून भरायचं, वरच्यातून बाहेर आलं की थांबायचं. नारळी पौर्णिमेला अजून वेळ आहे. कोणाला भोसरीच्या दुकानाचा पत्ता हवा असेल तर मेसेज करा, पण जाण्याआधी जाडी मोजून घ्या, नाहीतर तुम्हालाही परत पाठवतील.